मोठा मॅजेलन मेघ: शेजारच्या दीर्घिकेतले तारकागुच्छ आणि तेजोमेघ (आणि नागपूरहून काय जमेल)

शततारका

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या अमावास्येच्या सुमारास मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरून मोठा मॅजेलन मेघ टिपला. प्रचि (प्रकाशचित्र) १ मध्ये अख्खा मेघ आहे. प्रचि २ हा त्यातलाच टॅरंटुला तेजोमेघाचा भाग, मोठा करून. प्रचि ३ वर मी ओळखता आलेल्या तारकागुच्छांची आणि तेजोमेघांची नावं लिहिली आहेत, आणि हा धागा मुख्यतः त्या तिसऱ्या चित्रासाठी आहे.

देवयानी, व्हर्लपूल, सोंब्रेरो असे दीर्घिकांचे फोटो इथे बरेच येतात. त्यांत आकार दिसतो, धुळीचे पट्टे दिसतात. पण आतल्या एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून हा अमुक गुच्छ, हा इतक्या वर्षांचा, असं लहान दुर्बिणीच्या फोटोत फारसं म्हणता येत नाही. मॅजेलन मेघ ही आपल्या आकाशगंगेची सहचर दीर्घिका. अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षं, आकाशातला पसारा दहा अंशांच्या आसपास. साध्या टेलिफोटो लेन्सनेही तिच्या आत शिरता येतं. शिवाय आतलं सगळं आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहे. फोटोत जो गुच्छ दुसऱ्यापेक्षा ठळक दिसतो, तो बहुतेक वेळा खरोखरच जास्त तेजस्वी असतो. आपल्या आकाशगंगेतल्या वस्तूंबद्दल असं बोलायची सोय नाही, तिथे जवळचं मिणमिणतं आणि लांबचं भगभगीत शेजारी शेजारी दिसतं. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९०८ मध्ये दोन्ही, मोठ्या आणि लहान, मॅजेलन मेघांतल्या १,७७७ रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली आणि १९१२ मध्ये लहान मेघातल्या २५ ताऱ्यांवरून तेजस्विता आणि आवर्तनकाल यांचं नातं मांडलं, ते याच सारख्या अंतराच्या जोरावर. दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजायची पद्धत त्यातून निघाली. म्हणून मला हा मेघ नुसता सुंदर वाटत नाही, तो वाचता येतो याचं अप्रूप जास्त आहे.

साहित्य: १३५ मिमीची लेन्स एफ/२.८ वर, सेन्सरपुढचा फिल्टर बदलून घेतलेला फुल फ्रेम कॅमेरा, लहान स्टार ट्रॅकर (आकाशाच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र). ९० सेकंदांची एकेक फ्रेम, आयएसओ ८००. चांगल्या फ्रेम निवडून जोडल्यावर एकूण चार तासांच्या आसपास प्रकाश. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल या लेन्सवर सुमारे १० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यापतो, म्हणजे मेघाच्या अंतरावर जवळपास ८ प्रकाशवर्षं. सूर्यापासून व्याधापर्यंतचं अंतर ८.६ प्रकाशवर्षं आहे. ते तिथे एका पिक्सेलात संपतं.

मॉरिशस निवडायचं कारण अक्षांश. साधारण २० दक्षिण, त्यामुळे मेघ ४० अंशांपर्यंत वर चढतो. सुइयाक गावाजवळ ग्री-ग्री नावाचा कडा आहे, तिथे किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत नाही आणि समोर थेट दक्षिणेचा समुद्र, त्यामुळे त्या दिशेला एकही दिवा नाही. खारं तुषार मात्र सतत उडतं, लेन्स दर थोड्या वेळाने पुसावी लागते. डिसेंबर-जानेवारीत मेघ मध्यरात्रीच सर्वांत उंच मिळतो, पण तो तिकडचा पावसाचा आणि चक्रीवादळांचा हंगाम. ऑक्टोबर कोरडा असतो, फक्त पहाटे चारच्या सुमारास मेघ सर्वांत उंच येतो, म्हणून अर्धी रात्र वाट बघायची तयारी हवी.

पोलर अलाइनमेंटबद्दल (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवबिंदूकडे रोखण्याबद्दल) कुणी विचारण्याआधी सांगते. दक्षिणेला आपल्या ध्रुवासारखा ठळक तारा नाही. सिग्मा ऑक्टँटिस आहे, ध्रुवबिंदूपासून साधारण एका अंशावर, पण प्रत ५.४ ची (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). ट्रॅकरच्या ध्रुवदर्शकात त्याच्यासह चार ताऱ्यांचा वेडावाकडा चौकोन दिसतो, तो खुणांवर बसवायचा. मॉरिशसहून ध्रुवबिंदू क्षितिजापासून फक्त २० अंश वर, समुद्रावरच्या दमट हवेत. संधिप्रकाश संपल्या संपल्या, हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असताना हे काम उरकून घेतलेलं बरं.

सावनेरचा_भाऊ

ताई, जबरदस्त! प्रचि ३ तर किती वेळ पाहून राहिलो. एक सांगा, हे आपल्या इकडून काहून नाही दिसत? अगस्त्य तर थंडीत चांगला दिसते ना, शेतातून रोज पाहतो मी.

धंतोलीकर

भाऊ, हिशोब सोपा आहे. दक्षिणेकडची वस्तू मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना जास्तीत जास्त किती वर येईल ते काढायचं तर ९० मधून आपला अक्षांश वजा करायचा आणि मग त्या वस्तूची दक्षिण क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, वजा करायची. नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१५. अगस्त्याची क्रांती उणे ५२.७, म्हणून तो १६ अंशांवर दिसतो. मोठ्या मेघाचा मध्य उणे ६९.७५ वर आहे. उत्तर येतं उणे ०.९, म्हणजे क्षितिजाच्या खाली.

गंमत म्हणजे टॅरंटुला तेजोमेघ मेघाच्या मध्यापेक्षा थोडा उत्तरेला, उणे ६९.१ वर आहे. वातावरणातलं वक्रीभवन क्षितिजाशी वस्तूला साधारण अर्धा अंश उचलून दाखवतं. म्हणजे कागदावर तो आपल्या दक्षिण क्षितिजाला टेकतो. मेघाच्या उत्तर अंगाचा एन ११ हा तेजोमेघ तर गणिताने सव्वादोन-अडीच अंश वर येतो. प्रत्यक्षात तिथे धूळ, धूर, झाडं आणि हवेचा एवढा जाड थर असतो की कॅमेऱ्यात काही उतरणार नाही. पण डिसेंबरात मध्यरात्री अगस्त्याच्या खाली उजव्या हाताला साधारण १८ अंशांवर तो मेघ आहे, हे माहीत असलं की त्या कोपऱ्याकडे बघताना वेगळंच वाटतं.

भारतातच राहायचं तर खाली सरकत जावं लागेल. तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेच्या अक्षांशावर मेघाचा मध्य जेमतेम ८ अंशांवर येतो. कन्याकुमारीला १२.

निशाचर

शततारका, वाचनखूण साठवली. धंतोलीकर काका, कन्याकुमारीला १२ अंश म्हणजे फोटो शक्य आहे ना? मी पुण्यात असतो, जानेवारीत तिकडे जायचं चाललंय.

शततारका

शक्य आहे, पण कशाची अपेक्षा ठेवायची ते आधी ठरव. १२ अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या साडेचार पटींहून जास्त हवा ओलांडून यावं लागतं. समुद्रकिनाऱ्याची दमट हवा धरली तर एक प्रत सहज जाते, निळा प्रकाश त्याहून जास्त. कोवळे गुच्छ निळे असतात, त्यामुळे मेघाचं खरं सौंदर्य तिथेच पुसट होतं. १३५ मिमीने गुच्छ मोजत बसण्यापेक्षा ३५ किंवा ५० मिमीने समुद्र, क्षितिज आणि वर मेघ अशी चौकट घे, ती फार छान येईल. टॅरंटुला एक ठळक ठिपका म्हणून नक्की दिसेल.

जानेवारी ही वेळही योग्य. ईशान्य मोसमी पाऊस ओसरलेला असतो आणि महिन्याच्या मध्यावर मेघ रात्री दहाच्या सुमारास मध्यमंडलावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तर आठच्या सुमारासच.

पिक्सेलवाला

प्रोसेसिंग सुरेख आहे. ताऱ्यांचे रंग जपलेत, हे मला सर्वांत आवडलं. एक विचारायचं होतं. टॅरंटुला तुमच्याकडे हिरवट-निळसर झाक असलेला आलाय. मृगातला तेजोमेघ त्याच कॅमेऱ्याने गुलाबी-लाल येतो. हे रंगसंतुलन तुम्ही मुद्दाम असं ठेवलंत का?

शततारका

मुद्दाम ठेवलं, कारण तो तसाच आहे. तिथे दोनदा आयनीभूत झालेल्या (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) ऑक्सिजनची वर्णपटातली रेषा, ५००.७ नॅनोमीटरची, फार जोरात आहे. एक कारण म्हणजे आतले तारे प्रचंड तप्त आहेत. दुसरं, मेघात जड मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्याच्या साधारण निम्मं आहे. ही मूलद्रव्यंच वायूला थंड करायचं काम करतात. ती कमी असली की वायू जास्त तापलेला राहतो आणि ऑक्सिजनची ही रेषा आणखी उजळते. हायड्रोजनची लाल रेषा आहेच, पण तिच्यात हा हिरवा-निळा मिसळतो. लाल रंग वाढवून टॅरंटुला मृगासारखा करता येतो, बरेच जण करतात. मला वाटतं त्यात जी माहिती फोटोत आपोआप आली आहे ती आपण घालवतो.

हा फरक एका नजरेत बघायचा असेल तर प्रचि ३ मध्ये वरच्या बाजूला एनजीसी २०१४ आणि एनजीसी २०२० अशी जोडी आहे (एनजीसी ही गुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची एक यादी). पहिला लालसर, त्यात तप्त ताऱ्यांचा एक घोळका. त्याला खेटून दुसरा, लहान, गोल आणि निळा. तो एकाच वुल्फ-रायेट (बाहेरचे थर उधळणाऱ्या, अतितप्त) ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूचा आहे आणि तो तारा सूर्याच्या सुमारे दोन लाख पट तेजस्वी आहे. हबल दुर्बिणीला ३० वर्षं झाली तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, याच जोडीचं चित्र प्रसिद्ध केलं होतं. माझ्या फोटोत दोन्ही मिळून बोटाच्या पेराएवढे आहेत, पण लाल आणि निळा स्पष्ट वेगळे आलेत.

वैदर्भी

फार छान धागा. मला तेजोमेघांपेक्षा तारकागुच्छांत रस आहे. तुम्ही प्रचि ३ वर एनजीसी १८५० च्या पुढे "आपल्याकडे नाही" असं लिहिलंय, ते कळलं नाही.

शततारका

वैदर्भी ताई, तुम्ही माझ्या मनातला प्रश्न विचारलात, जरा सविस्तर लिहिते.

आपल्या आकाशगंगेत ढोबळमानाने दोन तऱ्हेचे गुच्छ. कृत्तिकेसारखे खुले, तरुण, विरळ. आणि ओमेगा सेंटॉरीसारखे गोलाकार, घट्ट, दहा अब्ज वर्षांहून जुने. एनजीसी १८५० दिसायला दुसऱ्या जातीचा, गच्च भरलेला गोळा. वय मात्र दहा कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे कृत्तिकेच्या बरोबरीचं. असा घडणीने गोलाकार आणि वयाने कोवळा गुच्छ आपल्या आकाशगंगेत नाही. फोटोत तो निळसर-पांढरा, वीसेक पिक्सेल रुंद दिसतो. मेघाच्या उत्तर कडेला एनजीसी १८६६ आहे, तोही याच जातीचा, वय साधारण २० कोटी वर्षं. टॅरंटुलाच्या जवळ एनजीसी २१०० आहे, तो आणखी लहान, दीड-दोन कोटी वर्षांचा. त्यात लाल महाराक्षसी तारे आहेत, त्यामुळे निळ्यात केशरी ठिपके दिसतात.

आता त्याच चित्रात खाली डाव्या अंगाला हॉज ११ असं लिहिलेला पुसट पिवळसर डाग बघा. तो १२-१३ अब्ज वर्षांचा, मेघाच्या जन्माच्या वेळचा. एकाच फोटोत, एकाच अंतरावर, कोटीभर वर्षांचा गुच्छ आणि विश्वाच्या सुरुवातीच्या काळातला गुच्छ आहे, आणि रंगावरूनच त्यांतला फरक डोळ्यांना कळतो.

आणखी एक गोष्ट मला फार विचारात पाडते. या मेघात खूप जुने गुच्छ आहेत आणि साधारण तीन अब्ज वर्षांपेक्षा तरुणही भरपूर आहेत. मधल्या, तीन ते दहा अब्ज वर्षांच्या पट्ट्यात मात्र जवळजवळ काहीच नाही. ईएसओ १२१-३ सारखा एखादाच गुच्छ त्या खंडात सापडतो. तारे त्या काळात बनत होते, गुच्छ मात्र टिकले नाहीत किंवा बनलेच नाहीत. लहान मेघाशी झालेल्या जवळच्या भेटींनी नंतर पुन्हा गुच्छ बनायला चालना दिली, असा एक विचार आहे. प्रचि ३ वर मी वयाप्रमाणे रंग दिलेत, मधला रंग रिकामा आहे तो त्यामुळे.

धंतोलीकर

शततारका, टॅरंटुलाच्या पोटातल्या आर १३६ बद्दलही लिहायला हवं होतं. एकेकाळी तो एकच तारा आहे आणि त्याचं वस्तुमान सूर्याच्या हजारो पट आहे असं मानणारे मोठे खगोलशास्त्रज्ञ होते. १९८५ मध्ये स्पेकल तंत्राने (अतिलहान एक्सपोजर जोडून हवेची थरथर काढायची पद्धत) त्याचे तुकडे वेगळे दिसले, म्हणजे तो ताऱ्यांचा दाट गुच्छ निघाला. त्यातल्या आर १३६ए१ या ताऱ्याचं वस्तुमान २०१० मध्ये सूर्याच्या २६५ पट काढलं होतं, नंतर ते २०० च्या आसपास आलं. तरीही माहीत असलेल्या सर्वांत जड ताऱ्यांत तो आहेच.

आणि १९८७ चा अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट. २४ फेब्रुवारी १९८७ ला चिलीतल्या लास कंपानासहून तो प्रथम दिसला. त्याच्या साधारण एक दिवस आधी जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत शोधकांनी त्याचे न्यूट्रिनो (पदार्थातून सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण) पकडले होते, तिन्हीकडचे मिळून दोन डझनांच्या आसपास. सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्याकडून आलेले न्यूट्रिनो माणसाने टिपायची ती पहिली वेळ. फुटलेला तारा निळा महाराक्षसी होता, सँड्युलीक यादीतला, आणि त्याआधी सगळ्यांचा अंदाज होता की असे स्फोट लाल महाराक्षसी ताऱ्यांचे होतात. पाठ्यपुस्तकं बदलली. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत होता, मे महिन्यात तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला. नागपूरहून तोही क्षितिजाखालीच. मला तेव्हा फार हळहळ वाटली होती, आजही वाटते. शततारका, तुमच्या प्रचि २ मध्ये ती जागा दाखवाल का?

शततारका

काका, दाखवते. टॅरंटुलाच्या नैर्ऋत्येला, फोटोत साधारण १२० पिक्सेलांवर बाणाने खूण केलेलं चित्र प्रचि ४ म्हणून जोडलं आहे. आता तो इतका मंद आहे की माझ्या लेन्सला दिसणार नाही, पण जागा तीच.

एन ११, एन ४४, एन ७० ही नावं कुठून आली असंही एकाने व्यक्तिगत निरोपात विचारलंय. कार्ल हेनाइझ यांनी मॅजेलन मेघांतल्या हायड्रोजनच्या तेजोमेघांची यादी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, त्यातले हे क्रमांक. हेच हेनाइझ पुढे अंतराळवीर झाले, १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून गेले, आणि १९९३ मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेवर असताना वारले. यादीतला एन ७० जवळजवळ अचूक गोल बुडबुडा आहे. तो माझ्याकडे फार पुसट आलाय, त्याला लांब लेन्स आणि अरुंद पट्ट्याचा फिल्टर हवा.

सावनेरचा_भाऊ

सगळं वाचून काढलं. पण मॉरिशसला जाणं काही आपल्याच्यानं होत नाही. माझ्याकडे ८० मिमीची दुर्बीण आहे, माउंट आहे, गाइडिंग जमते. दीर्घिकेच्या आतले तेजोमेघ, गुच्छ, नावानिशी, हे इथून करता येईल असं काही आहे का?

पिक्सेलवाला

भाऊ, आहे आणि डोक्यावर आहे. एम ३३ (एम म्हणजे मेसिए यांची यादी), त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका. क्रांती अधिक ३०.७, म्हणजे नागपूरहून ती ८० अंशांवर चढते. शततारकांना ४० अंश मिळाले, आपल्याला त्याच्या दुप्पट.

अंतर सुमारे २७ लाख प्रकाशवर्षं, मॅजेलन मेघाच्या साधारण १७ पट. म्हणून तिथे गुच्छ वेगळे करणं जड जातं, पण तेजोमेघ मात्र भरपूर मिळतात. सर्वांत मोठा एनजीसी ६०४. विल्यम हर्शेल यांनी ११ सप्टेंबर १७८४ ला तो नोंदवला. दुसऱ्या दीर्घिकेतला तेजोमेघ आपल्याच दुर्बिणीत वेगळा दिसावा इतका तो मोठा आहे, सुमारे १,५०० प्रकाशवर्षं पसरलेला. आपल्या स्थानिक गटात टॅरंटुलाच्या खालोखाल त्याचंच नाव घेतात. ४८० मिमी फोकल लेंथ आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एका पिक्सेलात सुमारे २१ प्रकाशवर्षं येतात आणि एनजीसी ६०४ सत्तरेक पिक्सेल रुंद पडतो. त्यात आकार दिसतो, पोकळ्या दिसतात. जेम्स वेब दुर्बिणीने मार्च २०२४ मध्ये याचीच चित्रं दाखवली, ती शेजारी ठेवून आपल्या फोटोतल्या पोकळ्या ताडून बघता येतात. मला हे करताना फार समाधान मिळतं.

टॅरंटुला आणि ६०४ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. टॅरंटुलाच्या मधोमध आर १३६ सारखा दाट गाभा आहे. ६०४ मध्ये दोनशेच्या आसपास तप्त तारे आहेत, पण ते विखुरलेले. त्यामुळे टॅरंटुलाला मध्य जळू नये म्हणून छोटी एक्सपोजर वेगळी घ्यावी लागतात. ६०४ ला ती गरज पडत नाही.

बाकी नावं: एनजीसी ५९५, ५९२, ५८८, आणि आयसी १३१, १३२, १३३, १४२, १४३. एकदा नकाशा शेजारी घेऊन बसलं की एकेक सापडत जातात. आठ-दहा तासांचा प्रकाश जमव, त्याहून कमी असला तर दीर्घिकेचे सर्पिल हात फिक्कट राहतात.

वैदर्भी

एक आक्षेप नोंदवते. धाग्याचा विषय सहचर दीर्घिका आहे. एम ३३ ही देवयानीची सहचर आहे असं नक्की म्हणता येईल का? दोघींत सात-साडेसात लाख प्रकाशवर्षांचं अंतर आहे. गाया यानाच्या मोजमापांवरून २०१९ मध्ये निघालेल्या निष्कर्षात एम ३३ पहिल्यांदाच देवयानीकडे येत असावी असं म्हटलं होतं. देवयानीच्या खऱ्या सहचर एम ३२ आणि एम ११०, त्या तर देवयानीच्या फ्रेममध्ये आपोआप येतात.

पिक्सेलवाला

आक्षेप मान्य, एम ३३ चा दर्जा वादाचा आहे. पहिल्यांदा येत असली तरी देवयानीच्या गुरुत्वाने बांधलेली असू शकते, पण ते सोडून देऊ. मी एम ३३ सुचवली कारण भाऊंना तेजोमेघ हवेत. एम ३२ आणि एम ११० मध्ये जुने पिवळे तारे आणि वायू जवळजवळ नाहीच. फ्रेममध्ये त्या छान दिसतात, पण आत शिरून नावं लिहावीत असं आपल्या दुर्बिणीला तिथे काही मिळत नाही.

धंतोलीकर

आपल्या आकाशगंगेच्या सहचर दीर्घिकेचाच हट्ट असेल तर नागपूरहून एक गोष्ट अगदी नियमात बसते, एम ५४. धनु राशीतला हा गोलाकार गुच्छ मेसिए यांनी १७७८ मध्ये पाहिला. १९९४ मध्ये धनु बटू दीर्घिका सापडली, आपली आकाशगंगा जिला सध्या ओढून फाडते आहे ती, आणि हा गुच्छ तिच्या गाभ्यातच आहे असं कळलं. अंतर सुमारे ८७,००० प्रकाशवर्षं. म्हणजे मेसिए यांनी नकळत दुसऱ्या दीर्घिकेचं हृदय नोंदवून ठेवलं होतं. आपल्याकडून तो ३८ अंशांवर येतो. पावसाळा त्याचा हंगाम खातो, म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे किंवा ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या. दीर्घिका स्वतः दिसत नाही, ती फार विरळ आहे. पण तिचेच आर्प २, टर्झान ७ आणि टर्झान ८ हे गुच्छ जवळपास आहेत, त्यांच्यासकट एक रुंद फ्रेम करता येईल. मला तरी ती कल्पना फार मोहवते.

सावनेरचा_भाऊ

दोन्ही करतो मग. पेंचला जाऊ का?

धंतोलीकर

एम ३३ साठी जरूर. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातलं पहिलं. आजूबाजूच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून खाली झुकवले आहेत, त्याचा फरक कळतो. सिल्लारीला मुक्काम करा आणि आगाऊ परवानगी विचारून ठेवा. रात्री जंगलाच्या हद्दीत मनाने फिरायचं नाही, बिबट्या-वाघ दोन्ही आहेत.

एम ५४ साठी मात्र पेंच नको. तिथून नागपूर, कोराडी, खापरखेडा सगळं दक्षिणेला येतं आणि धनु रास नेमकी त्या उजेडात उभी असते. त्यासाठी शहर आपल्या पाठीशी राहील असं बघा, उमरेडच्या पुढे कुणाचं शेत असेल तर उत्तम.

दिवाळीचा विचार करा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आणि त्या दिवसांत एम ३३ दहा ते बाराच्या दरम्यान डोक्यावर. शहरात फटाक्यांचा धूर, पण जंगलाजवळ नाही. धान कापणीनंतर मात्र पहाटे दव खूप पडतं, ड्यू हीटर आणि त्याची वेगळी बॅटरी न्या.

सावनेरचा_भाऊ

काका, धन्यवाद. शेवटचं विचारतो. घराच्या गच्चीवरून ड्युअल नॅरोबँड (फक्त हायड्रोजन-ऑक्सिजनच्या रेषा सोडणारा) फिल्टर लावून एम ३३ चे तेजोमेघ निघतील का? आणि दीर्घिका आपल्याकडे येऊन राहिली तर रेषा सरकते म्हणतात, मग फिल्टरमधून निसटणार तर नाही?

पिक्सेलवाला

गच्चीवरून तेजोमेघ निघतील, हात निघणार नाहीत. दीर्घिकेचे हात म्हणजे ताऱ्यांचा अखंड प्रकाश, तो फिल्टर शहराच्या उजेडासकट अडवतो. म्हणून उपाय असा: हात पेंचला फिल्टरशिवाय घे, तेजोमेघ घरून फिल्टरने वाढव, आणि एच-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेचा, थर लाल चॅनेलमध्ये मिसळ. एकाच रात्रीत सगळं उरकायची सक्ती राहत नाही.

रेषेबद्दल: एम ३३ सेकंदाला सुमारे १८० किमी वेगाने आपल्याकडे येते, त्यामुळे ६५६.३ नॅनोमीटरची ही एच-अल्फा रेषा निळ्याकडे ०.४ नॅनोमीटरने सरकते. मॅजेलन मेघ सुमारे २७० किमी वेगाने दूर जातो, तिथे ०.६ ने लालकडे. ७ नॅनोमीटर रुंदीच्या फिल्टरला दोन्हींचा काहीच फरक पडत नाही. ३ नॅनोमीटरचा असेल तर मध्यापासून दोन्हीकडे दीड-दीड मिळतात, तरी चालतं, पण फिल्टर नेमका बसवलेला हवा आणि लेन्स फार वेगवान नको. एफ/२ च्या आसपास तिरपे किरण फिल्टरचा पट्टाच निळ्याकडे ढकलतात. तो प्रकार मॅजेलन मेघाला बाधतो, एम ३३ ला उलट सोयीचा. तुझी दुर्बीण एफ/६ ची असेल तर काळजी नको, ५ मिनिटांची फ्रेम लाव आणि सुरू कर.